दोनपैकी एक स्विच गेला, क्लस्टर चालू आहे: नवा कधी आणि कसा बसवायचा?

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात तीन सर्व्हरचा प्रॉक्समॉक्स क्लस्टर आहे, म्हणजे एकत्र बांधलेले तीन सर्व्हर, ज्यांच्यावर व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरमधले संगणक) चालतात. स्टोरेज सेफवर (Ceph, म्हणजे डेटाच्या प्रती सगळ्या सर्व्हरच्या डिस्कवर ठेवणारी प्रणाली), आणि वर सर्व्हरना एकमेकांशी जोडणारे दहा गिगाबिटचे दोन नेटवर्क स्विच. प्रत्येक सर्व्हरची एक वायर एका स्विचला, दुसरी दुसऱ्याला. विजांच्या पावसात एक स्विच गेला. शाखांचं काम चालू आहे, काउंटरवर कुणाला काही कळलेलंही नाही. नवा स्विच कोल्हापूरहून आंबा घाटानं येतोय. कंपनी तीच, मॉडेल मात्र पुढचं. व्यवस्थापक म्हणतात, आला की लगेच बसवा. कामाच्या वेळेत बसवला तर क्लस्टर थांबेल का, आणि जोडायचा क्रम काय ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय.

लगेच बसवू नका, आणि कामाच्या वेळेत तर नाहीच. गेलेला स्विच रॅकमधून काढताना सहसा काही बिघडत नाही, कारण त्याच्यावर आता कुणी अवलंबूनच नाही. क्लस्टर पडतो तो दोन कारणांनी. एक तर उरलेल्या चालू स्विचला चुकून हात लागतो, नाहीतर नवा स्विच अर्धवट तयारीत असतानाच नेटवर्कवर बोलायला लागतो. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकीचं काम वायरमनच्या पातळीचं आहे. व्यवस्थापकांना एवढंच सांगा की आणखी दोन दिवस एका स्विचवर काढण्यात धोका आहे, पण घाईनं नवा जोडण्यात त्याहून जास्त आहे.

सुरुवात मात्र जुन्यापासून करा. तो खरंच गेलाय का? लाइट परत येताना पीडीयूचं (रॅकमधल्या वीजपट्टीचं) एखादं सॉकेट किंवा पॉवर कॉर्ड जातं आणि दोष स्विचला मिळतो. दुसऱ्या, चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर दुसरी कॉर्ड लावून बघा. दिवे लागत असतील तर कन्सोलची (स्विचशी थेट बोलायची) वायर लावून लॅपटॉपवर काय दिसतंय ते पहा. सिस्को असेल तर वेग बहुधा ९६००, इतर बऱ्याच कंपन्यांचा १,१५,२००. चालू असताना वीज दोन-चार वेळा आली-गेली की फ्लॅशमधली फाइल कधीकधी खराब होते आणि स्विच बूटलोडरच्या (सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रामच्या) प्रॉम्प्टवर बसून राहतो. तसं असेल तर फर्मवेअर (स्विचचं आतलं सॉफ्टवेअर) पुन्हा भरून तो उठतो, नव्याची गरजच लागत नाही. पॉवर सप्लाय बदलता येण्यासारखा असेल तर तोही तपासा.

इथे एक धोका लक्षात ठेवा. पूर्ण गेलेला स्विच परवडला, अर्धवट गेलेला नको. पोर्टचा दिवा लागतो पण आतून डेटाचं पाकीट पुढे जात नाही, अशा अवस्थेतला स्विच सर्व्हरला फसवतो. सर्व्हरचा बाँड (दोन वायरींची जोडी) ‘ॲक्टिव्ह-बॅकअप’ प्रकारचा, म्हणजे एक वायर कामाला आणि दुसरी राखीव असा असेल आणि फक्त लिंक आहे की नाही एवढंच बघत असेल, तर त्याला ती वायर ठणठणीत वाटते आणि तो सगळा व्यवहार त्या खड्ड्यात टाकतो. एलएसीपी (स्विच आणि सर्व्हर आपसात निरोप देऊन दोन्ही वायरी एकत्र वापरतात ती पद्धत) असेल तर स्विचकडून निरोप यायचे थांबतात आणि सर्व्हरला कळतं, पण लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये निरोप ३० सेकंदांनी एकदा येतो आणि ९० सेकंद वाट पाहून मगच पोर्ट बाजूला काढला जातो. ‘फास्ट’ ठेवलं तर दर सेकंदाला निरोप आणि ३ सेकंदांत निर्णय. म्हणून जुन्या स्विचमध्ये थोडा जरी जीव दिसत असेल, तरी तपासणीआधी त्याच्या सर्व्हरकडच्या वायरी काढून घ्या आणि मगच तो चालू करून बघा. चालू-बंद होणारा स्विच क्लस्टरला जोडलेला ठेवून त्याच्यावर प्रयोग करू नका.

आता तुम्ही न सांगितलेली, पण सगळ्या उत्तराला वळण देणारी गोष्ट: हे दोन स्विच एकमेकांशी कसे बांधलेत? तीन शक्यता आहेत. एक, दोन्ही स्वतंत्र, मध्ये साधी जोडवायर, आणि सर्व्हरवर ॲक्टिव्ह-बॅकअप. दोन, स्टॅक, म्हणजे डबे दोन पण डोकं एक. तीन, एमलॅग (कुणी व्हीपीसी म्हणतं, कुणी आणखी काही, कल्पना तीच), म्हणजे डोकी दोन, पण सर्व्हरला ती एकच स्विच वाटतात. सर्व्हरवर प्रॉक फोल्डरमध्ये नेटच्या खाली बाँडिंगची फाइल असते, ती उघडली की पहिल्या काही ओळींतच बाँडचा प्रकार कळतो. ८०२.३एडी (म्हणजे एलएसीपीच) दिसलं तर स्टॅक किंवा एमलॅग. मग चालू स्विचची कॉन्फिगरेशन वाचा. वाचायचीच आहे तर तिची एक प्रत लॅपटॉपवर आणि एक पेन ड्राइव्हवर आत्ताच काढून ठेवा. हा चालू स्विचही गेला तर तुमच्याकडे कागदावरसुद्धा काही नसेल.

मॉडेल वेगळं असल्याचा प्रश्न इथे येतो. स्टॅक करायला बहुतेक वेळा एकाच मालिकेचे स्विच आणि एकच फर्मवेअर लागतं. एमलॅगमध्येही बऱ्याच कंपन्या दोन्ही बाजूंना एकच मॉडेल मागतात. काही ठिकाणी वेगळं मॉडेल जोडलं तर जोडलं जातं, पण बँकिंगच्या क्लस्टरवर ‘जोडलं जातं’ हा आधार नव्हे. विक्रेत्याला लेखी विचारा: या जुन्या मॉडेलबरोबर हे नवं मॉडेल, अमुक फर्मवेअरवर, चालतं का? उत्तर गुळमुळीत आलं तर माझा सल्ला सरळ आहे. एमलॅग सोडा, दोन स्वतंत्र स्विच ठेवा आणि सर्व्हर ॲक्टिव्ह-बॅकअपवर आणा. तीन सर्व्हरच्या पतसंस्थेला दोन वायरींची मिळून २० गिगाबिट गती लागत नाही, १० पुरेशी असते. एलएसीपीचा डौल मोठा, पण रात्री अकरा वाजता एकट्या माणसाला समजून घ्यायला ॲक्टिव्ह-बॅकअप सोपं. स्टॅकबद्दल तर माझं मत आणखी कडक आहे. फर्मवेअर बदलायची वेळ आली की बहुतेक वेळा दोन्ही डबे एकदम रीस्टार्ट होतात, म्हणजे ज्यासाठी दोन घेतले तोच हेतू गेला. स्टोरेजच्या वायरी मी स्टॅकवर ठेवत नाही.

हा बदल करायचा ठरवलात तर एका वेळी एकच सर्व्हर घ्या. त्याच्यावरच्या व्हर्च्युअल मशीन दुसरीकडे हलवा, सर्व्हरचा बाँड बदला आणि त्याच बैठकीत चालू स्विचवरच्या त्याच्या पोर्टचा एलएसीपी गटही काढा. एका बाजूला एलएसीपी आणि दुसऱ्या बाजूला नाही अशी स्थिती राहिली तर काही स्विच ते पोर्ट सरळ स्थगित करतात. एकच वायर उरलेली असताना हे झालं की तो सर्व्हर क्लस्टरबाहेर. दोन स्विचमधली जोडवायरही आता बिनमहत्त्वाची राहत नाही. पहिला सर्व्हर एका स्विचवर बोलतोय आणि दुसरा दुसऱ्यावर, अशी वेळ आली की सगळा व्यवहार त्याच वायरीवरून जातो. ती दुहेरी ठेवा, आणि तिच्यावर सगळे व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी ठेवलेली आभासी जाळी) आणि मोठा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) असल्याची खात्री करा.

स्विचला हात लावण्याआधी क्लस्टरला शांत करायचं असतं, आणि नेमका हाच भाग बरेच जण गाळतात. तीन नोडमध्ये (नोड म्हणजे क्लस्टरमधला एकेक सर्व्हर) कोरम, म्हणजे लागणारं बहुमत, दोनाचा. कोरोसिंकच्या (नोड एकमेकांना हजेरी देतात त्या सेवेच्या) वायरी याच दोन स्विचवरून जात असतील तर आत्ता तिन्ही नोडचा एकमेकांशी संवाद एकाच डब्यावर उभा आहे. तुमच्या हातून तो डबा मिनिटभर बंद पडला तर तिन्ही नोड एकटे पडतील. एचए (नोड पडला तर त्याच्यावरची मशीन आपोआप दुसरीकडे उठवणारी सोय) चालू असेल तर पुढचं आणखी वाईट. प्रॉक्समॉक्समध्ये ज्या नोडवर एचएखालची मशीन चालू आहे तो कोरम गमावल्यावर साधारण ६० सेकंदांत वॉचडॉगकडून (सर्व्हरवर पहारा ठेवणाऱ्या टायमरकडून) स्वतःला रीबूट करून घेतो. एक वायर ढिली झाली म्हणून तिन्ही सर्व्हर एकदम खाली आणि डेटाबेस मध्येच तुटलेला, हे असं घडतं. म्हणून काम सुरू करण्याआधी सगळ्या नोडवर आधी एचएची एलआरएम सेवा (त्या नोडपुरतं बघणारी) थांबवा, सगळीकडे ती थांबल्याची खात्री झाल्यावर सीआरएम (अख्ख्या क्लस्टरचं बघणारी) थांबवा. क्रम हाच. काम संपल्यावर दोन्ही पुन्हा चालू करायच्या, आणि हे कागदावर लिहून रॅकच्या दाराला चिकटवा, नाहीतर महिनाभर एचए बंद असल्याचं कुणाला कळत नाही.

सेफला ‘नोआउट’ (कुठल्याही डिस्कला बाहेरची समजू नको, ही सूचना) लावा. मूळ सेटिंगप्रमाणे एखादा ओएसडी (सेफमध्ये एकेक डिस्क सांभाळणारी सेवा) खाली गेला आणि ६०० सेकंदांत परतला नाही, तर सेफ त्याला बाहेरचा समजून डेटाची हलवाहलव सुरू करतो. तीन नोड आणि तीन प्रती असतील तर अख्खा नोड गेल्यावर प्रत ठेवायला चौथी जागाच नाही, त्यामुळे नोडच्या पातळीवर फारसं हलत नाही. पण नोडमधली एकच डिस्क डुगडुगली तर हलतं, आणि उरलेल्या एकाच वायरीवर तो भार नको. ‘मिन साइझ’ (काम चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती) दोन असेल, आणि ती दोनच असावी, तर दोन नोड स्टोरेजच्या जाळ्यातून तुटताच लिहिणं-वाचणं थांबतं. मशीन बंद पडत नाहीत, गोठतात. काउंटरवर मात्र त्याला ‘सिस्टिम हँग’ म्हणतात आणि कुणीतरी संगणक बंद-चालू करतं. शाखांना आधी निरोप द्या. काम सुरू करण्यापूर्वी सेफ पूर्ण निरोगी दिसला पाहिजे. एखादा ओएसडी आधीच खाली असेल तर स्विचचं काम पुढे ढकला. आणि बॅकअप घेतलाय असं नव्हे, तर तो क्लस्टरच्या बाहेर, वेगळ्या डब्यात आहे हे डोळ्यांनी पहा.

नवा स्विच यायला उशीर लागणार असेल, घाटात दरड आली किंवा गणपतीच्या तोंडावर महामार्गावर अवजड गाड्यांना बंदी लागली, तर त्या दिवसांसाठी स्वस्त आधार आहे. सर्व्हरना मदरबोर्डवर सहसा एक गिगाबिटचे पोर्ट असतात, बहुधा रिकामे. त्यातला एकेक पोर्ट एका छोट्या आठ पोर्टच्या स्विचला जोडून कोरोसिंकची दुसरी लिंक द्या. कोरोसिंकला गती लागत नाही, उशीर कमी लागतो. पाच मिलिसेकंदांच्या आत असला की पुरतं. प्रत्येक सर्व्हरवर दोन पोर्ट रिकामे असतील तर स्विचही नको, तिघांना एकमेकांशी थेट वायरींनी त्रिकोणात जोडता येतं. ही सोय तात्पुरती म्हणून करा आणि नंतर काढू नका. तोच साधा स्विच दहा गिगाबिटच्या गेलेल्या स्विचच्या जागी लावायचा मोह मात्र आवरा. व्हीलॅन नीट न कळणारा स्विच स्टोरेजच्या जाळ्यात घालून तुम्ही एका अडचणीच्या तीन कराल.

आता नवा स्विच. त्याची तयारी रॅकमध्ये नाही, टेबलावर. पॉवर, कन्सोलची वायर आणि लॅपटॉप. बाकी नेटवर्कची एकही वायर त्याला लागता कामा नये. दशावतारात पात्र रंगपटात पूर्ण नटून मगच लोकांसमोर येतं, तसंच. पहिलं काम फर्मवेअरचं. मालिका जुळत असेल तर चालू स्विचवर जी आवृत्ती आहे तीच नव्यावर आणा. चालू स्विचची आवृत्ती वाढवून नव्याशी जुळवायचा विचार आज करू नका, तो उरलेला एकमेव आहे.

मग कॉन्फिगरेशन. गेलेल्या स्विचचा बॅकअप असेल तर सोनंच. नसेल तर चालू स्विचची प्रत समोर ठेवून ओळ न् ओळ लिहा, पण जशीच्या तशी ओतू नका. नाव, मॅनेजमेंटचा आयपी, एमलॅगमधली भूमिका, स्पॅनिंग ट्रीची (जाळ्यात डेटा गोल फिरू नये म्हणून जादा मार्ग बंद ठेवणाऱ्या पद्धतीची) प्राथमिकता या गोष्टी दोघांच्या वेगळ्या असतात. एकच आयपी दोन स्विचवर गेला तर तुम्ही कुठल्या स्विचवर लॉगिन आहात तेच कळणार नाही, आणि चुकीच्या स्विचवर पोर्ट बंद कराल.

स्पॅनिंग ट्रीवर थोडं थांबतो, कारण यात पुष्कळांचे हात भाजलेत. जाळ्याचा मूळ स्विच कोण हे आकड्यावर ठरतं. ज्याचा प्राथमिकतेचा आकडा लहान तो मूळ. कुणीच काही ठरवलेलं नसेल तर सगळ्यांचा आकडा ३२७६८ असतो आणि मग ज्याचा मॅक पत्ता (कंपनीनं यंत्राला दिलेला नंबर) लहान तो जिंकतो. मॅक पत्ते कंपनी साधारण वाढत्या क्रमानं देते, त्यामुळे जुना डबा जिंकण्याची शक्यता जास्त. तुम्ही नवा घेताय म्हणून वाचाल कदाचित. पण बाजारातून वापरलेला स्विच आणणाऱ्यांच्या जाळ्यात तो जोडताक्षणी राजा होतो आणि सगळे मार्ग नव्यानं मोजले जातात. चालू स्विचला ४०९६ आणि नव्याला ८१९२ असे आकडे स्वतः द्या. चालू स्विचवर हा बदल करायचा झाला तर तोही ठरलेल्या रात्रीच. सर्व्हरकडचे पोर्ट ‘एज’ (पुढे दुसरा स्विच नसलेले) म्हणून जाहीर करा, नाहीतर वायर लागल्यावर पोर्ट पुढे पाठवायला लागेपर्यंत ३० सेकंद जातात. स्विच सिस्कोचा असेल आणि जाळ्यात व्हीटीपीची (व्हीलॅनची यादी स्विचमध्ये आपोआप पसरवणाऱ्या सोयीची) पहिली किंवा दुसरी आवृत्ती असेल, तर नव्याचा व्हीटीपी ट्रान्स्परंट करा आणि जुनी व्हीलॅनची फाइल पुसा. आधी कुठे वापरलेल्या स्विचचा रिव्हिजन नंबर मोठा असला तर तो तुमच्या चालू स्विचचे व्हीलॅनसुद्धा पुसून टाकू शकतो.

एमटीयू. सेफच्या जाळ्यात ९००० ठेवला असेल तर नव्या स्विचवर तो प्रत्येक पोर्टवर आणि दोन स्विचमधल्या वायरीवरही हवा. स्विचवर आकडा ९००० पेक्षा थोडा मोठा ठेवावा लागतो, किती ते मॉडेलप्रमाणे. ही चूक फार लबाड आहे. साधा पिंग (उत्तर येतं का बघायचा छोटा निरोप) जातो, लॉगिन होतं, कोरोसिंक आनंदात असतो, आणि सेफ मात्र स्लो ऑप्सची (कामं रेंगाळल्याची) तक्रार करू लागतो, ओएसडी वर-खाली होतात. तुम्ही डिस्कवर संशय घेत बसता.

शेवटी नव्या स्विचचे सगळे पोर्ट बंद करून कॉन्फिगरेशन सेव्ह करा, एकदा पॉवर काढून पुन्हा द्या, आणि उठल्यावर सगळं जागच्या जागी आहे का ते बघा. रात्रभर तसाच चालू ठेवा. नवं यंत्र बिघडायचंच असेल तर बऱ्याचदा पहिल्या काही तासांत बिघडतं. एसएफपी मॉड्यूल (वायर जोडायला पोर्टमध्ये बसवायचे छोटे भाग) आणि वायरी याच टेबलावर लावून बघा. काही कंपन्यांचे स्विच परक्या मॉड्यूलला ओळखच देत नाहीत, आणि पुढच्या मॉडेलमध्ये तो नियम बदललेला असू शकतो. रात्री साडेदहाला रत्नागिरीत एसएफपी मिळत नाही.

प्रत्यक्ष कामाची वेळ दिवसअखेर आणि बॅकअप संपल्यावरची, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर उत्तम. हवामान खात्याचा विजांचा इशारा असेल तर नको. माणसं दोन हवीत, एक रॅकपाशी, एक स्क्रीनपाशी. पुण्यामुंबईहून व्हीपीएननं बसून करतो असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा; तो व्हीपीएन याच स्विचवरून येतो. दोघांमध्ये बोलायला मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, हाकेच्या अंतरावर रहा.

चालू स्विचच्या पॉवर कॉर्डवर आणि पुढच्या पट्टीवर लाल चिकटपट्टी लावा. दोन सारखे डबे एकावर एक असतात, मागून कॉर्ड ओढताना कुठली कुणाची ते अंधारात कळत नाही. जुन्या स्विचच्या प्रत्येक वायरीला पोर्ट नंबरची चिठ्ठी बांधा. बांधा म्हणतोय, चिकटवा नाही. आपल्याकडच्या दमट हवेत कागदी स्टिकर पावसाळाभर टिकत नाही. फोटो काढा. मग वायरी काढा, डबा काढा, नवा बसवा, अर्थिंगची वायर लावा, पॉवर द्या. पोर्ट अजून बंदच.

जोडण्याचा क्रम प्रकाराप्रमाणे बदलतो. स्टॅक असेल तर नवा स्विच बंद अवस्थेतच स्टॅकच्या वायरीनं जोडा आणि नंतर त्याला पॉवर द्या. दोन चालू स्विच स्टॅकच्या वायरीनं एकत्र केले तर मास्तर कोण याची निवड होते आणि हरलेला रीस्टार्ट होतो. हरलेला तुमचा एकुलता चालू स्विच असू शकतो. एमलॅग असेल तर आधी कीपअलाइव्हची (दुसरा स्विच जिवंत आहे का बघणारी) वायर, मग दोघांमधली पीअर-लिंक (मुख्य जोडवायर), मग थांबा. दोघांनी एकमेकांना ओळखलं, सेटिंग जुळतात असं दोन्हीकडे दिसलं, की मग वरची राउटर-फायरवॉलची वायर, आणि सर्वांत शेवटी सर्व्हर. स्वतंत्र स्विच असतील तर आधी जोडवायर, मग तेच.

सर्व्हर एकेक करून. पहिला सर्व्हर असा निवडा ज्याच्यावर महत्त्वाचं काही नाही, किंवा त्याच्यावरची मशीन आधीच हलवून ठेवा. ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये एक बारकावा आहे. बाँडमध्ये ‘प्रायमरी’ म्हणून नव्या स्विचकडचा पोर्ट लिहिलेला असेल तर लिंक येताच लिनक्स ताबडतोब तिकडे उडी मारतो, स्विचचा पोर्ट अजून पाकिटं पुढे पाठवत नसला तरी. त्यासाठी पुनर्निवडीची सेटिंग ‘फेल्युअर’ ठेवा, म्हणजे चालू वायर तुटल्याशिवाय तो हलणार नाही. एलएसीपी असेल तर बाँडिंगच्या फाइलमध्ये दोन्ही वायरींचा ॲग्रिगेटर आयडी (गटाचा नंबर) एकच दिसला पाहिजे. वेगवेगळा दिसला तर नवा स्विच एमलॅगमध्ये आलेलाच नाही; दुसरी वायर लागलीय, पण कामाची नाही. तिथेच थांबा, पुढच्या सर्व्हरकडे जाऊ नका.

मग त्या सर्व्हरची चालू स्विचकडची वायर मुद्दाम काढा, म्हणजे तो पूर्णपणे नव्यावर येईल, आणि दुसऱ्या सर्व्हरला मोठा पिंग करा: तुकडे न करण्याच्या सूचनेसह ८९७२ बाइटचा. ९००० मधून आयपीच्या हेडरचे २० आणि आयसीएमपीच्या (पिंगच्या) हेडरचे ८ वजा केले की हा आकडा येतो. दुसरा सर्व्हर अजून आधीच्या चालू स्विचवर असल्यानं हा पिंग दोन स्विचमधल्या वायरीचीही परीक्षा घेतो, म्हणून याच टप्प्यावर तो करायचा. त्यानंतर दहा मिनिटं आयपर्फनं (गती मोजायच्या प्रोग्रामनं) भार टाका आणि दोन्ही टोकांचे सीआरसीचे (वाटेत बिघडलेल्या पाकिटांचे) आकडे बघा. ते वाढत असतील तर वायर किंवा मॉड्यूल बदला. ‘थोडेच आहेत’ म्हणून सोडू नका. सगळं नीट असेल तर काढलेली वायर परत लावा, बाँड दोन्ही पायांवर आल्याचं बघा आणि पुढचा सर्व्हर घ्या.

तिसराही झाला की सेफ निरोगी आहे ना ते पहा, नोआउट काढा, कोरोसिंकच्या सगळ्या लिंक जोडलेल्या आहेत ना बघा, एचए चालू करा. त्याच रात्री आधीचा चालू स्विच बंद करून खरी चाचणी घ्यायचा मोह होतो. नको. दमलेल्या माणसानं ती चाचणी घेऊ नये. आठवडाभर नवा स्विच चालू द्या आणि पुढच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, पुन्हा एचए थांबवून, तो आधीचा स्विच ठरवून बंद करा. चाचणी घ्या मात्र नक्की.

आता तुम्ही न विचारलेलं. स्विच विजेनं गेला असं तुम्ही गृहीत धरलंय. असेल. मेमधल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात आपल्याकडे विजा जोरात असतात, आणि तांब्याची लॅन वायर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून गेली असेल तर तीच लाट आत आणते. तशी वायर असेल तर ती फायबरची करा. अर्थिंग तपासून घ्या. जांभ्यात खोदलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, वायर दिसायला लावलेली असते पण रोध फार वाढलेला असतो.

पण गेलेला डबा वॉरंटीत नसेल तर उघडा आणि बोर्ड भिंगातून बघा. समुद्रापासून जवळ असाल तर बहुधा हिरवट-पांढरा थर दिसेल. हवेतले मिठाचे कण बोर्डावर बसतात. नुसतं बसलेलं मीठ फारसं काही करत नाही, पण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि वीज वाहू देणारा ओला पापुद्रा तयार होतो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते. भर म्हणून सर्व्हर रूमचा एसी १८ वर, लाइट गेली की एसी बंद, आणि ‘गरम होतंय’ म्हणून कुणीतरी खिडकी उघडतं. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. १८-२० अंशांना गार झालेल्या पत्र्यावर लगेच दव धरतं. म्हणून एसी २४-२५ वर ठेवा (यंत्रांसाठी १८ ते २७ चालतं), खिडकीला रबर लावून ती कायमची बंद करा, जमल्यास डीह्युमिडिफायर घ्या आणि आर्द्रता साठच्या खाली राखा. फिल्टर धुणं पावसाळ्यात दर पंधरवड्याला. पाली आणि मुंग्या आत शिरू नयेत म्हणून स्विचची रिकामी पोर्ट झाकणांनी बुजवा. ही झाकणं अगदी स्वस्त मिळतात.

हे सांगण्यामागे कारण आहे. उरलेला स्विच याच खोलीत, याच हवेत, तितकीच वर्षं काढून बसलाय. त्याच्या बोर्डवरही तेच मीठ आहे. व्यवस्थापकांकडे दुसऱ्या स्विचचीही मागणी आत्ताच टाका, नव्याच मॉडेलची. तो आला की वर सांगितलेली सगळी पद्धत पुन्हा एकदा, उलट्या बाजूनं. आणि मग एमलॅग करायचा असेल तर दोन जुळे स्विच तुमच्याकडे असतील. चिपळूणसारख्या ठिकाणी असाल तर रॅक किती उंचीवर आहे तेही याच निमित्तानं बघा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तळमजल्यावर रॅक ठेवायचं धाडस मी तरी करणार नाही.

गेलेला स्विच वॉरंटीत असेल तर कंपनीला परत जाईल, नसेल तर भंगारवाला विचारत येईल. दोन्ही वेळी त्याच्या फ्लॅशमध्ये तुमचे पासवर्ड, एसएनएमपीचे (दुरून देखरेखीच्या सोयीचे) गुप्त शब्द आणि व्हीलॅनचा नकाशा आहे, आणि गेलेल्या स्विचवर ते पुसता येत नाही. परत पाठवण्याआधी ते सगळे पासवर्ड चालू स्विचवर आणि सर्व्हरवर बदलून घ्या. भंगारात द्यायचा असेल तर आधी फ्लॅशची चिप फोडा, आणि ऑडिटसाठी तशी नोंद जड वस्तू (डेड स्टॉक) रजिस्टरात करा.